ऋणको आणि धनको : विक्रम पंडित यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

ज्या उद्योगाचे धुराडे दिसत नाही, ज्याच्या दाराशी मालाची गाडी उतरत नाही आणि ज्याच्या तयार मालाला हात लावून पाहता येत नाही, अशा उद्योगाविषयी आपल्या समाजात कुतूहल पुष्कळ आणि माहिती थोडी, अशी अवस्था पूर्वीपासून आहे. सावकार आपण ओळखतो, पेढीवाला ओळखतो. पतपेढीचा चिटणीस आणि राष्ट्रीयीकृत बँकेचा शाखाधिकारी यांच्याशी तर आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे. परंतु ‘इन्व्हेस्टमेंट बँकर’ म्हणून ज्याचे नाव वर्तमानपत्रांच्या आर्थिक पानांवर झळकत असते, तो नेमका कोणता कारभार पाहतो, आणि पुढे पन्नाशी ओलांडल्यावर तोच मनुष्य पेढी सोडून खासगी गुंतवणूकदार होतो तेव्हा त्याच्या आयुष्यात काय पालटते, हे विचारले तर चांगली शिकली-सवरलेली माणसेही घुटमळतात. मानखुर्दला, जिथे एका अंगाला अणुशक्तीनगरातील शास्त्रज्ञांच्या वसाहती आणि दुसऱ्या अंगाला रूळांच्या कडेच्या झोपड्यांतून उठवून आणलेल्या कुटुंबांच्या लल्लूभाई कंपाऊंडमधील इमारती एकाच स्टेशनाच्या आधाराने नांदतात, तिथली वाणिज्य शाखेची मुले हा प्रश्न आता उत्सुकतेने विचारू लागली आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर एखाद्या परक्या कोट्यधीशाचे चरित्र धुंडाळण्याचे कारण नाही. नागपूरच्या धंतोलीत जन्मलेल्या आणि दादरच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मराठी गृहस्थाच्या आयुष्यात या व्यवसायाच्या सर्व अवस्था, वैभवाच्या आणि मानहानीच्याही, एकापाठोपाठ एक येऊन गेल्या आहेत. त्यांचे नाव विक्रम शंकर पंडित.

त्यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी लिलावाच्या भिशीचे स्मरण करून देतो, कारण पुढील सगळ्या अब्जावधींच्या व्यवहाराचे बीज तिच्यात आहे. वीस जणींनी दरमहा हजार रुपये घालायचे आणि जमलेले वीस हजार एकीने उचलायचे, हा साध्या भिशीचा रिवाज. लिलावाच्या भिशीत मात्र ज्या बाईला त्या महिन्यात पैशाची निकड असते ती पूर्ण रकमेवरचा हक्क थोडा सोडते, सतरा हजारांवर समाधान मानते, आणि सुटलेले तीन हजार सर्वांत वाटले जातात. भिशी चालवणारी बाई सगळ्यांना एकत्र आणते, हिशेब ठेवते आणि आपली दस्तुरी घेते. निकड असलेली बाई अट मान्य करते. आणि जिला थांबणे परवडते तिचा लाभ होतो. इन्व्हेस्टमेंट बँकर हा यांतील पहिल्या भूमिकेत असतो, खासगी गुंतवणूकदार तिसऱ्या. पंडितांच्या चरित्राचे वैशिष्ट्य असे, की या दोहोंच्या मध्ये त्यांना दुसऱ्या भूमिकेतही, म्हणजे गरजवंताच्या भूमिकेत, आणि तेही साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत, पाच वर्षे उभे राहावे लागले.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९५७ चा. वडील शंकरराव पंडित बडोद्याच्या साराभाई केमिकल्समध्ये वरिष्ठ अधिकारी होते. शिक्षण काही काळ नागपुरात आणि पुढे दादरच्या पारशी यूथ्स असेंब्ली हायस्कुलात झाले, आणि वयाच्या सोळाव्या वर्षी हा मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. १९७६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि पुढच्याच वर्षी त्या विषयातील उच्च पदवी मिळवल्यावर, आपल्याकडच्या बहुतेक बुद्धिमान मुलांप्रमाणे तिथेच स्थिरावून अभियंता होण्याऐवजी ते व्यवस्थापनशास्त्राकडे आणि तेथून वित्तशास्त्राच्या संशोधनाकडे वळले. १९८६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता भिन्न-भिन्न प्रवृत्तींचे ग्राहक असलेल्या अर्थव्यवस्थेत मालमत्तांच्या किमती कशा ठरतात हा. काही काळ त्यांनी इंडियाना विद्यापीठात अध्यापनही केले. अध्यापनाचा पिंड असलेला हा मनुष्य १९८३ मध्ये मॉर्गन स्टॅन्ली या पेढीत शिरला आणि पुढची बावीस वर्षे तिथेच राहिला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे; मोठमोठ्याने सौदे करणाऱ्या दलालाची ही प्रकृती नव्हे, गणिताने विचार करणाऱ्या अभ्यासकाची आहे, आणि पुढे त्यांच्यावर जी टीका झाली आणि जी स्तुती झाली त्या दोहोंचे मूळ या प्रकृतीत आहे.

मॉर्गन स्टॅन्लीची कुळकथा थोडक्यात सांगितली म्हणजे हा व्यवसाय उलगडतो. १९२९ च्या शेअरबाजाराच्या कोसळणीनंतर अमेरिकेने १९३३ मध्ये ग्लास-स्टीगल नावाचा कायदा करून ठेवी स्वीकारणाऱ्या बँका आणि रोख्यांचा व्यापार करणाऱ्या पेढ्या यांची फारकत केली. जे. पी. मॉर्गनच्या विख्यात पेढीला दोहोंपैकी एक मार्ग निवडणे भाग पडले. तिने ठेवींचा मार्ग धरला, आणि रोख्यांचे काम करण्यासाठी तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९३५ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीची स्थापना केली. अशा पेढीत सामान्य माणसाचे बचत खाते नसते. एखाद्या कंपनीला कारखान्यासाठी, दुसरी कंपनी विकत घेण्यासाठी वा जुने कर्ज फेडण्यासाठी मोठी रक्कम उभी करायची असते. ती भागभांडवलाच्या रूपाने उभी करावी की कर्जरोख्यांच्या, भागाची किंमत काय ठेवावी, तो कोणाच्या गळी उतरेल, याचा सल्ला ही पेढी देते. पुष्कळदा ती याहून पुढे जाते आणि न खपलेला माल आपण उचलू अशी हमी देते, आणि इथेच सल्लागाराचे रूपांतर जोखीमदारात होते. ही हमी एकट्या पेढीला झेपणारी नसेल तर अनेक पेढ्यांचा संघ बांधला जातो, त्याला सिंडिकेट म्हणतात. १९९० मध्ये पंडित अमेरिकेतील भागविक्रीच्या अशा संघकार्याचे प्रमुख झाले. १९९४ मध्ये संस्थात्मक ग्राहकांच्या भागव्यवहाराचा जागतिक कारभार त्यांच्याकडे आला, आणि २००० मध्ये मोठ्या संस्थांशी होणारा रोखेव्यवहार आणि इन्व्हेस्टमेंट बँकिंग या दोन्ही खात्यांची सूत्रे त्यांच्या हाती आली.

या हुद्द्यावरील माणसाचे उत्पन्न अफाट असते, पण ते दस्तुरीचे उत्पन्न असते. सौदा जमला की मेहनताना मिळतो. त्या सौद्याने पुढे दहा वर्षांत कंपनीचे भले झाले की वाटोळे, याचा त्या मेहनतान्याशी संबंध राहत नाही. वॉल स्ट्रीटच्या नीतिशास्त्रातले सर्वांत मोठे न्यून मला इथे दिसते, आणि व्यक्तिशः पंडितांवर त्याचा ठपका ठेवण्याचे कारण नसले तरी ज्या व्यवस्थेत ते वाढले ती समजून घेताना ते नजरेआड करता येत नाही.

मार्च २००५ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीचे सर्वाधिकारी फिलिप पर्सेल यांनी अध्यक्षपदासाठी दुसऱ्याच दोघांची निवड केली, तेव्हा पंडित आणि त्यांचे सहकारी जॉन हेव्हन्स पेढीतून बाहेर पडले. (खुद्द पर्सेल यांनाही पेढीतील अंतर्गत बंडाळीमुळे तीन महिन्यांच्या आत पद सोडण्याचे जाहीर करावे लागले.) पुढच्या वर्षी या जोडीने गुरू रामकृष्णन यांना बरोबर घेऊन ओल्ड लेन नावाचा हेज फंड काढला. हेज फंड म्हणजे मोजक्या धनाढ्य व्यक्तींकडून आणि संस्थांकडून रक्कम घेऊन ती मुक्तपणे, तेजीवर तशीच मंदीवरही, गुंतवण्याची भागीदारी. चालकांनी वर्षाला रकमेच्या काही टक्के व्यवस्थापनखर्च आणि नफ्याचा सामान्यतः पाचवा हिस्सा घ्यायचा, असा या धंद्यातला दस्तूर आहे. दोन अब्ज डॉलरहून अधिक रकमेने सुरू झालेली ही भागीदारी एक वर्ष पुरते लोटते न लोटते तोच सिटीग्रुपने सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतली, आणि त्यात पंडितांच्या वाट्याला सुमारे साडेसोळा कोटी डॉलर आले. खासगी गुंतवणूकदार म्हणून त्यांचा हा पहिला प्रयत्न. त्याला गुंतवणुकीची परीक्षा म्हणणे कठीण आहे, कारण परीक्षेची वेळ येण्यापूर्वीच पेढी विकली गेली होती. २००८ मध्ये, पंडित दुसऱ्या जबाबदारीवर गेल्यामुळे बाहेरच्या गुंतवणूकदारांना पैसे काढून घेण्याची मुभा मिळाली, बहुतेकांनी ती वापरली, आणि सिटीने त्या खरेदीपोटी २० कोटी डॉलर बुडीत दाखवून तो फंड बंद केला.

ती दुसरी जबाबदारी म्हणजे सिटीग्रुपचे मुख्याधिकारीपद. ११ डिसेंबर २००७ रोजी पंडितांची त्या पदावर नेमणूक झाली, तेव्हा १९९८ मध्ये सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स यांच्या मीलनाने निर्माण झालेली ही महाकाय संस्था आतून पोखरली गेली होती. ठेवींची बँक आणि रोख्यांची पेढी यांना अलग ठेवणारी १९३३ ची भिंत १९९९ मध्ये नव्या कायद्याने पाडली गेली होती, आणि सिटी हे त्या नव्या युगाचे निशाण होते. ज्यांची परतफेडीची ऐपत नव्हती अशा माणसांना दिलेली घरकर्जे एकत्र बांधून, त्यांचे थर पाडून, वरच्या थराला उत्तम पतीचा शिक्का मिळवून ते रोखे जगभर विकण्याचा जो उद्योग चालला होता, त्यात सिटीने स्वतःच्या पदरीही असे रोखे मोठ्या प्रमाणात ठेवले होते. घरांच्या किमती उतरताच त्या थरांना गिऱ्हाईक उरले नाही. २००७ च्या एकट्या शेवटच्या तिमाहीत सिटीला सुमारे ९.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि २००८ सालचा तोटा २७ अब्जांच्या वर गेला.

पंडित येण्याच्या थोडे आधी, नोव्हेंबर २००७ मध्ये, अबू धाबीच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने सिटीत साडेसात अब्ज डॉलर घातले होते. त्या करारनाम्याच्या अटी मन लावून वाचण्याजोग्या आहेत. संस्थेला दरसाल ११ टक्के परतावा मिळणार होता, जो कोणाही सावकाराला हेवा वाटावा असा होता. परंतु मार्च २०१० ते सप्टेंबर २०११ या मुदतीत त्या रकमेचे सिटीच्या साध्या भागांत रूपांतर करून घेण्याचे बंधन संस्थेवर होते, आणि त्यासाठीचा दर किमान ३१.८३ डॉलर ठरला होता. मुदत उजाडली तेव्हा बाजारात तो भाग चार डॉलरच्या आसपास होता. संस्थेने सिटीवर लबाडीचा आरोप ठेवून चार अब्जांहून अधिक भरपाईसाठी लवादाकडे दाद मागितली. २०११ मध्ये लवादाने सिटीच्या बाजूने कौल दिला. ज्याच्या हाती मोजता न येणारी तेलाची संपत्ती होती, जो धनको होता, तो एका ‘बंधनकारक’ या शब्दापायी ठकला.

उलट बाजूचे उदाहरण वर्षभराने घडले. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी सरकारने सिटीत २५ अब्ज डॉलर घातले, नोव्हेंबरात आणखी २० अब्ज, आणि सुमारे ३०६ अब्जांच्या संशयित मालमत्तेला जामीन राहण्याचे कबूल केले. या पैशांवर आधी ५ टक्के आणि मग ८ टक्के अग्रहक्काचा लाभांश होता. भागधारकांचा लाभांश जवळजवळ बंद करण्यात आला, अधिकाऱ्यांच्या पगारावर निर्बंध आले. फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारने आपल्या २५ अब्जांचे साध्या भागांत रूपांतर करण्याचे मान्य केले, दर ठरला ३.२५ डॉलर. तो दर त्या दिवशीच्या बाजारभावाहून चढा होता, आणि पुढच्याच आठवड्यात सिटीचा भाग एका डॉलरच्या खाली घसरला. म्हणजे या धनकोने, ऋणको हलाखीत असताना, त्याला पिळण्याऐवजी सवलत दिली; कारण सिटी बुडाली असती तर तिच्याबरोबर बुडणाऱ्यांचा भार अखेर त्याच सरकारवर येणार होता. सुमारे ७.७ अब्ज भाग सरकारच्या मालकीचे झाले, आणि डिसेंबर २०१० पर्यंत ते सर्व सरासरी ४.१४ डॉलरला विकले गेले. लाभांश, जामिनाचे मूल्य आणि विक्रीचा नफा मिळून करदात्याच्या तिजोरीत सुमारे १२ अब्ज डॉलर अधिक आले.

या काळात पंडितांनी काय केले, याविषयी दोन प्रामाणिक मते आहेत. ठेवींच्या विम्याची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या तत्कालीन प्रमुख शीला बेअर यांनी पुढे आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिले, की ज्याने आयुष्यभर रोख्यांच्या बाजारात आणि हेज फंडात काम केले त्याला ठेवींच्या बँकेचा कारभार चालवण्याचा अनुभव नव्हता आणि तो या पदास योग्य नव्हता. दुसरे मत पंडितांच्या कृतीकडे बोट दाखवते. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी संस्थेचे दोन भाग केले : जे ठेवायचे ते एकीकडे, आणि जे विकून टाकायचे ते सिटी होल्डिंग्ज या नावाखाली दुसरीकडे. आठशे अब्ज डॉलरहून अधिक मालमत्तेचा हा दुसरा ढीग ते पायउतार होईपर्यंत दोनशे अब्जांच्या खाली आला होता. दलालीची सुप्रसिद्ध स्मिथ बार्नी ही शाखा त्यांनी ज्या पेढीशी भागीदारी करून तिच्या हवाली केली ती त्यांचीच जुनी मॉर्गन स्टॅन्ली होती. सरकारचे २० अब्ज डिसेंबर २००९ मध्ये फेडले गेले, आणि २०१० मध्ये संस्थेने १० अब्जांहून अधिक नफा मिळवला. फेब्रुवारी २००९ मध्ये लोकप्रतिनिधींच्या समितीसमोर त्यांनी नफा होईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेण्याचे जाहीर केले होते, आणि तो शब्द पाळला.

माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, पण पूर्णतः नाही. बुडणारे जहाज किनाऱ्याला लावण्याचे काम त्यांनी चिकाटीने केले, हे निर्विवाद आहे; मात्र ज्या भागधारकाने पंडित आले त्या दिवशी तीस डॉलरहून अधिक किमतीला भाग घेऊन ठेवला होता, त्याच्या गुंतवणुकीचा सुमारे नव्वद टक्के अंश ते गेले त्या दिवसापर्यंत नाहीसा झाला होता. २०११ मध्ये दहा भागांचा एक भाग करण्यात आला, त्यामुळे किंमत कागदावर पुन्हा तिसांच्या वर दिसू लागली, एवढेच. अशा स्थितीत एप्रिल २०१२ मध्ये मुख्याधिकाऱ्यांच्या कोट्यवधी डॉलरच्या मोबदल्याचा ठराव सभेपुढे आला आणि सुमारे ५५ टक्के मतांनी भागधारकांनी तो नाकारला, तेव्हा त्यांचा संताप मला न्याय्य वाटतो. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी पंडितांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाचे नवे अध्यक्ष मायकेल ओनील यांच्याशी त्यांचे जमले नाही, हे उघड गुपित होते.

आता ते पंचावन्न वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात नोकरीतून मोकळा झालेला गृहस्थ मुदत ठेवींच्या पावत्या कपाटात नीट लावतो. पंडितांनी दुसरी कारकीर्द सुरू केली, आणि तिच्यात दस्तुरीऐवजी स्वतःचे भांडवल पणाला लागले. २०१६ मध्ये त्यांनी ओरोजेन ग्रुप ही गुंतवणूक संस्था काढली. तिची भागीदार होती अटायरॉस, कॉमकास्ट या दूरचित्रवाणी कंपनीचे माजी वित्तप्रमुख मायकेल अँजेलाकिस यांची संस्था, जिच्यामागे कॉमकास्टचे भांडवल होते. शेकडो कंपन्यांचे थोडेथोडे भाग घेण्याऐवजी वित्तव्यवसायातील मोजक्याच कंपन्यांत मोठा हिस्सा घ्यायचा, संचालक मंडळावर बसायचे, आणि वर्षानुवर्षे थांबायचे, अशी तिची रीत. विलमिंग्टनच्या फेअर स्क्वेअर फायनान्शियल या क्रेडिट कार्डाच्या कंपनीत ओरोजेन प्रमुख गुंतवणूकदारांपैकी एक होती. २०२१ च्या अखेरीस ती कंपनी ॲली या बँकेने ७५ कोटी डॉलरला विकत घेतली.

परंतु मला अधिक बोधक वाटतो तो व्हर्चुसाचा व्यवहार. ही अमेरिकेतील संगणकसेवेची कंपनी. २०१६ मध्ये तिने चेन्नईची पोलारिस ही कंपनी ताब्यात घेतली होती आणि बँकांसाठी प्रणाली लिहिणे हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. २०१७ मध्ये ओरोजेनने तिच्यात १०.८ कोटी डॉलर घातले. हे पैसे साध्या भागांत घातले नव्हते. ते परिवर्तनीय अग्रहक्काचे भाग होते : त्यांवर दरसाल ३.८७५ टक्के लाभांश, आणि वाटल्यास ३६ डॉलर दराने साध्या भागांत रूपांतर करून घेण्याचा हक्क. हक्क, बंधन नव्हे. कंपनी वाढली तर धनको मालकीत सहभागी होणार; रखडली तर साध्या भागधारकांच्या आधी त्याचे मुद्दल परत मागण्याचा त्याचा अधिकार शाबूत. पंडित तिच्या संचालक मंडळावर बसले. २०२१ मध्ये बेअरिंग प्रायव्हेट इक्विटी एशिया या संस्थेने व्हर्चुसा विकत घेतली तेव्हा साध्या भागाला ५१.३५ डॉलर भाव मिळाला.

आता हे तीन करार शेजारी ठेवून पाहावे. तिन्हींत पैसा देणारा लाभांशही घेतो आणि रूपांतराची अटही घालतो. दस्तऐवजाची जात एकच आहे. अबू धाबीने अधिक व्याजाच्या मोहाने रूपांतराचे बंधन स्वीकारले आणि नुकसान सोसले. अमेरिकी सरकारने ऋणको जगलाच पाहिजे हे ओळखून दर ठरवला आणि नफा मिळवला. ओरोजेनने थोड्या लाभांशावर संतोष मानून निवडीचे स्वातंत्र्य स्वतःकडे ठेवले. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. ते पुरते खरे नाही. गरजवंताच्या खुर्चीत बसून, समोरच्याने घातलेले प्रत्येक कलम सही करण्यापूर्वी रात्र-रात्र वाचावे लागलेल्या माणसाला जी अक्कल येते ती दस्तुरी मिळवण्याच्या बावीस वर्षांत येत नसावी, असा माझा कयास आहे. पंडितांनी असे कुठे म्हटल्याचे मी वाचलेले नाही. त्यांच्या व्यवहारांचा क्रम पाहून मी ते म्हणतो. एखाद्या होतकरू मुलाने ‘कोणता शेअर घ्यावा’ हे विचारण्यापूर्वी हे तीन दस्तऐवज पाठ करावेत, इतके माझ्या लेखी त्यांचे मोल आहे.

या दुसऱ्या कारकिर्दीचा एक प्रवाह मुंबईतही येऊन मिळाला, आणि आपल्या वाचकाला तो सर्वांत जवळचा आहे. निमेश कंपानी यांनी १९७३ मध्ये स्थापलेली जे. एम. फायनान्शियल आणि मॉर्गन स्टॅन्ली यांची भारतात २००७ पर्यंत भागीदारी होती, त्यामुळे ही मंडळी पंडितांना परकी नव्हती. सिटी सोडल्यावर वर्षाच्या आतच त्यांनी जे. एम. मध्ये भागभांडवल घेतले, आणि २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने खासगी बँकांच्या नव्या सनदांसाठी अर्ज मागवले तेव्हा जे. एम. त्यांच्या साहाय्याने त्या स्पर्धेत उतरली. एप्रिल २०१४ मध्ये सनदा मिळाल्या त्या आयडीएफसी आणि बंधन या दोघांनाच. मग बँकेचा विचार बाजूला ठेवून त्याच वर्षी पंडितांच्या नेतृत्वाखालील एका निधीने जे. एम. बरोबर बांधकाम व्यावसायिकांना कर्ज देणाऱ्या संस्थेत, जे. एम. फायनान्शियल क्रेडिट सोल्यूशन्समध्ये, सुमारे ५४० कोटी रुपये घातले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, जे. एम. ने या संस्थेतील आणखी सुमारे ४३ टक्के हिस्सा विकत घेण्याचे ठरवून तिची मालकी बव्हंशी आपल्याकडे आणली.

घरबांधणीला कर्ज देणारी अशी बिगर-बँक संस्था कशी चालते, हे उपनगरांतील रहिवाशाने समजून घेणे अगत्याचे आहे, कारण कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आणि इकडे चेंबूर-गोवंडीच्या अंगाने जे मनोरे उठत आहेत त्यांतील पुष्कळ ठिकाणी बिल्डरच्या मागे कोणी ना कोणी असा घाऊक धनको उभा असतो. जमीन विकत घेण्यासाठी कर्ज देण्यावर व्यापारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आहेत. ती पोकळी या संस्था चढ्या व्याजाने भरून काढतात. मोबदल्यात प्रकल्पाची जमीन, न विकलेल्या सदनिका आणि ग्राहकांकडून येणारी वसुलीसुद्धा तारण घेतली जाते, आणि विक्रीचे पैसे बिल्डरच्या हाती पडण्याआधी धनकोच्या देखरेखीखालील खात्यात जमा होतात. म्हणजे सदनिकेसाठी आपण भरलेला हप्ता प्रथम कोणाचे देणे भागवतो, हे बिल्डर आणि धनको यांच्यातील करारनाम्यावर ठरते, आणि तो करारनामा आपण पाहिलेला नसतो.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने या बाबतीत ग्राहकाला काही संरक्षण दिले आहे. घरखरेदीदारांकडून आलेल्या रकमेचा सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवून तो त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करावा लागतो. प्रकल्पावर कोणाचा बोजा आहे हे नोंदणीच्या वेळी जाहीर करावे लागते, आणि महारेरा या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. विक्रीचा करार झाल्यानंतर ती सदनिका बिल्डरला गहाण टाकता येत नाही, आणि टाकलीच तर खरेदीदाराच्या हक्काला त्याने बाध येत नाही. परंतु करारापूर्वीच सदनिका तारणात गेलेली असेल, तर ती मोकळी करणारे धनकोचे ना-हरकत पत्र लागते. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर या पट्ट्यात नव्या इमारतीत घर पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे पत्र सदनिकेच्या क्रमांकासह लेखी मागावे, आणि ते हाती येईपर्यंत बयाणा देऊ नये.